सातव्या होलातला झेंडू

“जोशीसाहेब, हा हात कुनाचा हाय?”

भाऊसाहेबांनी मोबाईल माझ्यापुढे धरला. सकाळचा चहासुद्धा अजून व्हायचा होता. भाऊसाहेब म्हणजे आमच्या वर्कशॉपचे मालक. नागापूर एमआयडीसीत आमचं पत्र्याचे पार्ट बनवायचं छोटं युनिट आहे, माणसं बावीस. भाऊसाहेब एरवी पत्रा दाबणाऱ्या प्रेसच्या आवाजावर आवाज चढवून बोलतात. त्या दिवशी ते हळू बोलत होते, म्हणून मी आधी त्यांच्याकडे बघितलं आणि मग मोबाईलकडे.

गाड्यांच्या बातम्या देणारं कुठलंसं चॅनेल होतं. वर मोठ्या अक्षरात लिहिलेलं, ‘नगरमध्ये बनतेय ती स्पोर्ट्स कार? पहिला पार्ट लीक!’ खाली फोटो. बाक दिलेला एक पत्रा, त्यावर कुंकवाची बोटं, मध्ये झेंडूचं फूल आणि कडेला एक हात. पत्र्याकडे लाल बाण, बाणाखाली हे भलंमोठं प्रश्नचिन्ह. हाताच्या तर्जनीला वरचं पेर नव्हतं.

तो हात आमच्याकडे कुणीही ओळखला असता. तो आण्णांचा. आण्णा आमचे सगळ्यात जुने फिटर, मूळचे मिरजगावचे. मार्चमध्ये रिटायर होणार होते. पण माझी अडचण हाताची नव्हती. तो फोटो मी काढलेला होता.

आता थोडं मागे जातो, नाहीतर तुमचाही आमच्यासारखाच गोंधळ होईल.

माझं काम इन्स्पेक्शनचं. पार्ट बरोबर झाला की नाही ते बघायचं. त्यासाठी चेकिंग फिक्स्चर असतं. म्हणजे पार्टच्याच आकाराची एक भक्कम बैठक. पार्ट तिच्यावर ठेवायचा आणि त्याच्या होलांतून पिना घालायच्या. सगळ्या पिना सहज गेल्या तर पार्ट ओके. एक जरी अडली तरी रिजेक्ट. यात हुशारी कमी आणि चिकाटी जास्त लागते.

त्या वर्षी एका मोठ्या कंपनीचं काम आलं. कंपनीचं नाव आजही सांगत नाही, कागदावर सही केलेली आहे. तो कागद बारा पानी होता आणि त्यात मला कळलेलं एकच वाक्य म्हणजे ‘कुणालाही सांगू नये’. काय सांगू नये ते आम्हालाच माहीत नव्हतं.

एरवी ड्रॉइंगमध्ये आपला पार्ट ठळक आणि शेजारचा पार्ट पुसट दाखवतात. त्यावरून कळतं की हा दरवाजाजवळ बसणार, हा चाकाजवळ. या ड्रॉइंगमध्ये आमच्या पार्टभोवती सगळं कोरं. नाव ‘के-चार’. वरची बाजू कुठली, खालची कुठली, काही पत्ता नाही. मी मेल करून विचारलं. उत्तर आलं, ‘ॲज पर ड्रॉइंग.’

पार्टला होलं सात होती. सहांचं मला कळत होतं, तिथे बोल्ट येणार. सातवं कशाला ते कळेना. बोल्टला लहान, वायरला मोठं. मी विचारलं. ‘ॲज पर ड्रॉइंग.’ पुन्हा विचारलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा मी फोनच केला, तर पलीकडचा मनुष्य शांतपणे म्हणाला, “जोशी, होल पाडायला अवघड आहे का?”

“नाही.”

“मग पाडा.”

मीटिंगमध्ये तर अजून मजा. कंपनीचे साहेब आधी म्हणाले, “अशी कुठलीही गाडी नाही.” पाच मिनिटांनी म्हणाले, “गाडीचं लाँच पुढे गेलं तरी तुमची तारीख बदलणार नाही.” आम्ही दोन्ही वाक्यं वहीत लिहून घेतली.

फिक्स्चरवर कायम काळं कापड घालायचं होतं. ती जबाबदारी माझी. गेटवर सगळ्यांच्या मोबाईलच्या कॅमेऱ्यावर स्टिकर लागायचे. आत पार्टचं काय चाललंय ते आम्हाला कळत नव्हतं, आणि बाहेर चहाच्या टपरीवर सगळ्यांना सगळं माहीत होतं. दोन सीटची स्पोर्ट्स कार आहे, बॅटरीवर चालते, छत आपोआप उघडतं. एक जण सांगे, कारखाना सुप्याला होणार. दुसरा म्हणे, छे, गाडी परदेशातच जाणार. भाऊसाहेबांना वाटायचं आमचा पार्ट बॉनेटवरचा हवेचा झरोका आहे. आण्णांचं मत होतं, “त्यो कूलरचा गाल हाय, काय बी म्हना.” गाल म्हणजे बाजूचा पत्रा.

मग खंडेनवमी आली. दसऱ्याच्या आदल्या दिवशी हत्यारांची पूजा करायची आमच्याकडे पद्धत आहे. वर्कशॉप धुऊन काढतात. प्रेसपासून पान्यापर्यंत सगळ्यांना कुंकू आणि झेंडू. माझ्या माप घ्यायच्या व्हर्नियरलासुद्धा. पूजेचा मान आण्णांचा, आणि आण्णा एकही वस्तू सोडत नाहीत. त्याला कारण आहे. तरुणपणी ते दुसऱ्या एका वर्कशॉपात होते, तिथे एका वर्षी नवा प्रेस ताडपत्रीखाली झाकलेला राहिला आणि त्याची पूजा झाली नाही. पुढे त्याच प्रेसने त्यांचं पेर घेतलं. हे त्यांनी मला निदान दहा वेळा सांगितलं असेल.

तर पूजा करत करत आण्णा काळ्या कापडापाशी आले आणि थांबले.

“साहेब, ह्ये झाकल्यालं कसं ठिवायचं?”

मी नाही म्हणायला हवं होतं. तेच माझं काम होतं. पण त्यांच्या त्या बोटाकडे बघून माझ्याच्याने म्हणवेना. “पटकन उरका,” म्हटलं.

त्यांनी कापड काढलं, कुंकू लावलं. पार्ट फिक्स्चरवर बसवलेलाच होता, सहा होलांत पिना होत्या. सातवी पिन घासायला दिलेली, त्यामुळे ते होल मोकळं. आण्णांनी झेंडूचा देठ त्यात खोवला. असा चपखल बसला की मला गंमत वाटली, हे होल यासाठीच दिलंय की काय. सणाचा दिवस म्हणून गेटवर स्टिकर लावले नव्हते. सगळेच फोटो काढत होते. मीही एक काढला.

घरी जाऊन तो सासरच्या ग्रुपवर टाकला, दसऱ्याच्या शुभेच्छा म्हणून. माझा मेहुणा बंडू नेवाशाला असतो. गाड्यांचा वेडा. त्याने विचारलं, “दाजी, हे काय आहे?”

मी लिहिलं, “सांगता येत नाही.”

नुसतं ‘कूलरचा गाल’ लिहिलं असतं तर काहीही झालं नसतं.

तर त्या सकाळी मी भाऊसाहेबांच्या केबिनमध्ये उभा होतो. भाऊसाहेब म्हणाले, “कंपनीचा मानूस उद्या येतोय. त्याला नाव पायजे. न्हाई दिलं तर वेंडर कोड जाईल.” वेंडर कोड म्हणजे कंपनीच्या यादीतला आपला नंबर. तो गेला की काम गेलं, आणि आमचं बहुतेक काम त्यांचंच.

“मग?”

“आन्नांचं नाव द्यायचं. तसंबी मार्चला जानारच हायेत. आताच घरी बसत्याल. बाकीचे एकवीस तरी वाचत्याल.” हे बोलताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. त्यांनाही ते आवडलेलं नव्हतं.

“भाऊसाहेब, आपल्याच हाताचा फोटो आण्णा कसा काढतील?”

“मंग कुनी काढला?”

“बघतो,” मी म्हणालो.

बघतो म्हणे. मी घाबरलो होतो, दुसरं काही नाही. मुलगी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, माझं वय पन्नाशीच्या पुढे. या वयात गुप्तता फोडली म्हणून काढलेल्या इन्स्पेक्टरला कोण ठेवणार? बाहेर येऊन बंडूला फोन लावला. तो खुशीत होता. “दाजी, लई जण बघत्यात. मी फक्त आमच्या कारवाल्या ग्रुपवर टाकला हुता.” डिलीट कर म्हटलं. त्याने केलाही. पण तोवर फोटो कुठल्या कुठे गेला होता.

आण्णा बेंचवर सातवी पिन घासत बसले होते. माझ्याकडे न बघताच म्हणाले, “मला कळलं साहेब. हात माजाच हाय. पन फोटू चांगला आलाय.”

मी शेजारचं स्टूल ओढून बसलो.

“तुमी काढताना म्या टोपी नीट केली हुती. टोपी न्हाई आली, हातच आला.” त्यांनी पिन उजेडात धरून बघितली. “म्या न्हाई सांगनार कुनाला.”

त्या वाक्याने मला जी लाज वाटली, ती आजही वाटते. त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी कंपनीचे राणेसाहेब आले. प्रोजेक्टची गुप्तता सांभाळणं हे त्यांचं काम. त्यांनी फोटोची मोठी प्रिंट टेबलावर ठेवली आणि पहिलंच वाक्य म्हणाले, “हा पार्ट आमचा नाही.”

भाऊसाहेबांचा चेहरा उजळला. “मंग बरं झालं की.”

“आता तुमचा पार्ट दाखवा.”

पार्ट दाखवला. राणेसाहेब त्याच्यावर वाकले, मग फोटोवर वाकले, मग पुन्हा पार्टवर. शेवटी वैतागून खुर्चीत बसले. “हे सातवं होल बघताय ना? हा पार्ट आम्ही नगरमध्येच तीन ठिकाणी बनवायला दिलाय. प्रत्येकाला हे होल जरा वेगळ्या जागी दिलंय. फोटो फुटला तर कुठून फुटला ते दोन मिनिटांत कळावं म्हणून.”

तर ते होल कशाचंच नव्हतं. आम्हाला पकडण्यासाठी होतं. मी त्याच्यासाठी तीनदा विचारणा केली होती आणि वेगळी पिन बनवून घेतली होती.

“मग कळलं का कुठून फुटला?” मी विचारलं.

“कसं कळणार? नेमकं त्यात फूल खोचलंय, पाकळ्यांखाली होलाची जागाच दिसत नाही. आधी दोन ठिकाणी जाऊन आलो. तिथेही पूजा, तिथेही कुंकू, तिथेही झेंडू.” त्यांनी फोटोतल्या हातावर बोट ठेवलं. “आता हाच एक धागा आहे. सगळ्या माणसांचे हात बघायचेत.”

भाऊसाहेबांनी माझ्याकडे बघितलं, मग दाराकडे बघून हाक मारली, “आन्ना, जरा आत या.”

आण्णा आत आले. हात पुसतच आले आणि फडक्याखालीच ठेवले.

“साहेब, फोटो मी काढला,” मी म्हणालो. बोलायचं ठरवलं होतं असं नाही, तोंडातून निघून गेलं. “कापड सांभाळायचं काम माझं. फोटो माझ्या मोबाईलचा. सासरच्या ग्रुपवर मीच टाकला. यांनी फक्त पूजा केली.”

आण्णांनी फडकं बाजूला ठेवलं आणि हात टेबलावर ठेवला. “कुकू म्या लावलं,” ते म्हणाले. “फूल बी.”

राणेसाहेबांनी त्या हाताकडे बराच वेळ बघितलं. मग माझ्यापुढे कोरा कागद सरकवला. “लिहून द्या.”

मी लिहायला घेतलं. ‘के-चार या पार्टचा फोटो...’

“पार्टचं नाव लिहायचं नाही.”

“मग कंपनीच्या पार्टचा?”

“कंपनीचा उल्लेख नको.”

“नवीन गाडीच्या पार्टचा?”

“जोशी, अशी गाडी नाही.”

शेवटी माझा जबाब असा झाला, ‘मी खंडेनवमीच्या दिवशी एका वस्तूचा फोटो काढला.’ खाली सही. राणेसाहेबांनी तो दोनदा वाचला. त्यांनाही कळलं असावं की एवढ्यावरून कुणाला काढता येत नाही. आम्हाला शिक्षा करायची तर काय फुटलं ते लिहावं लागणार, आणि लिहिलं की टपरीवरच्या गप्पा खऱ्या असं कंपनीनेच सांगितल्यासारखं होणार. त्यांनी कागदाची घडी करून खिशात टाकली. माझ्या मोबाईलमधला फोटो समोर उभं राहून डिलीट करायला लावला आणि चहा न घेता गेले.

ते निघताना मी विचारलं, “साहेब, हा पार्ट गाडीत बसतो तरी कुठे?”

“कुठल्या गाडीत?” ते म्हणाले.

आठवड्याने कंपनीची एनसी आली. एनसी म्हणजे चूक दाखवणारी लेखी नोटीस. चूक लिहिली होती, ‘होल क्रमांक सातमध्ये बाहेरचा पदार्थ आढळला.’ आम्ही मूळ कारण लिहिलं, ‘होल मोकळं होतं.’ उपाय लिहिला, ‘पिन बसवली.’ कंपनीने ते मान्य करून फाईल बंद केली. मला भाऊसाहेबांनी एक मेमो दिला आणि हातात देताना “ठिवा कुठं तरी” म्हणाले. वेंडर कोड राहिला. आण्णा मार्चपर्यंत राहिले.

गाडी अजून आलेली नाही. अधूनमधून चॅनेलवर येते, कधी लाल रंगाची, कधी काळ्या. आमचा पार्ट तिच्यात आहे की नाही, मला माहीत नाही. मी एवढंच शिकलो, की ड्रॉइंगमधलं एखादं होल कशाला आहे हे कळत नसेल, तर ते बहुधा आपल्यासाठीच असतं.

त्या प्रकारानंतर मोबाईल गेटवरच जमा करायचा नियम झाला. सणालासुद्धा सूट नाही. त्यामुळे आण्णांच्या निरोपाला हार झाला, नारळ झाला, भाऊसाहेब बोलताना मध्येच थांबले, आणि फोटो एकही निघाला नाही. सगळं आयुष्य कामावर गेलेल्या माणसाचा काम करतानाचा फोटो नव्हताच. होता तो मी डिलीट केला होता.

गेल्या महिन्यात मिरजगावला त्यांच्या घरी गेलो. बाहेरच्या खोलीत, देवाच्या तसबिरीशेजारी, तो फोटो फ्रेम करून लावला होता. त्यांच्या मुलीने चॅनेलवरून उतरवून घेतलेला. लाल बाण तसाच, प्रश्नचिन्हही तसंच.

चहा घेत होतो तेवढ्यात शेजारचे एक गृहस्थ आले. फोटोपुढे उभे राहून त्यांनी विचारलं, “आन्ना, ह्ये काय वं?”

आण्णांनी माझ्याकडे बघितलं आणि बशी खाली ठेवली.

“सांगता येत न्हाई,” ते म्हणाले.