इवायाच्या गाडीचं तेल

माझ्या बायकोनं अन् मी सोबत केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे इवायाच्या गाडीत मागच्या सीटवर बसून मालेगावहून मेडशीला येणं. बाजार झाला होता. तिच्या मांडीवर मेथीची जुडी होती अन् पूर्ण रस्ताभर ती पुढे बसलेल्या इवायाशी गाडीच्या तेलावरून भांडत होती. पुढच्या आठवड्यात तिच्या छातीत दुखलं अन् ती गेली. म्हणून तिची आठवण काढायला बसलो की मध्ये हा माणूस येतोच, अन् माणूस आला की त्याचं तेलही येतं.

इवाई म्हणजे व्याही, माझ्या पोरीचा सासरा, आसेगावचा; त्याचा इवाई मी, अन् माझी बायको त्याची ईनबाई. तोंडावर मी त्याला 'तुमी' म्हणतो, मागे 'तो' म्हणतो, अन् तोही माझं तसंच करतो. एका प्रश्नावर इतका विचार केलेला दुसरा माणूस अख्ख्या वाशीम जिल्ह्यात निघणार नाही, हे मी लिहून देतो. माझी पोर पाहायला आला तेव्हा चहा निवायच्या आत त्याने होकार देऊन टाकला. शेत घेतलं ते बांधावर उभ्या उभ्या घेतलं. पण गाडीच्या गिअरबॉक्समधलं तेल बदलावं की राहू द्यावं, एवढं त्याच्याने ठरवणं झालं नाही.

गाडी आटोमॅटिक आहे. मधल्या काळात इवायाला हलका लकवा येऊन गेला, तेव्हापासून डावा पाय ओढतो. क्लच दाबणं गेलं, मोटरसायकल गेली, माणूस खाटेवर पडून पंख्याकडे पाहायला लागला. मग माझ्या जावयाने, म्हणजे त्याच्याच पोराने, पुण्याहून ही जुनी गाडी आणून दिली. हिला क्लच नाही, डावा पाय घरी ठेवून निघालं तरी चालते. त्या दिवसापासून इवाई तिला गाडी म्हणत नाही, "माहा पाय" म्हणतो. एकदा माझ्या बायकोने रीतीप्रमाणे पाय धुवायला पाण्याचा तांब्या पुढे केला, तर ह्याने तो सरळ पुढच्या चाकावर ओतला अन् म्हणाला, "चालून तं हेच आलं ना, ईनबाई."

गाडी देताना पुण्याच्या मेकॅनिकने जावयाला सांगून ठेवलं होतं की हिचं गिअरचं तेल जन्मात बदललेलं नाही. तिथून हा रोग लागला. इवाई ज्याला त्याला विचारत सुटला, अन् गाव तेवढी मतं निघाली. कोणी म्हणे जळकं तेल गिअर खाऊन टाकते, आजच बदला. कोणी म्हणे खबरदार, इतके साल चाललेल्या गाडीत त्या तेलातल्या गाळानेच आतल्या चकत्या धरून ठेवल्या असतात, नवं तेल टाकलं की गाळ सुटते अन् गाडी जागची हलत नाही. मानोऱ्याच्या एका मास्तरची गाडी तेल बदलल्यावर आठ दिवसांत बसली म्हणतात. त्याच्याच भावाची बदलल्यावर घोड्यासारखी पळते, तेही म्हणतात. इवाई दोघांच्याही घरी जाऊन गाड्या पाहून आला अन् होता त्याच्यापेक्षा जास्त घोटाळ्यात पडून परत आला.

तेल पाहायची एक लांब दांडी असते. ती त्याने एकदा बाहेर ओढली अन् पुसायला काही सापडेना म्हणून खांद्यावरच्या पांढऱ्या दुपट्ट्याला पुसली. दुपट्टा आम्हीच दिलेला. त्यावर तपकिरी डाग पडला. "लाल पाह्यजे होता," तो म्हणाला, अन् त्या दिवसापासून त्याने तो दुपट्टा धुवू दिला नाही. लग्नात, तेरवीत, एस्टी स्टँडवर, माणूस भेटला की डाग पुढे करायचा. रक्तदाब तपासायला गेला तिथे डॉक्टरलाही दाखवला. डॉक्टर घाबरला, म्हणाला, "हे खोकल्यातून पडलं का?" हा म्हणाला, "नाही साहेब, गिअरातून."

जपणूक तर विचारू नका. उलट्या गिअरात गाडीला जास्त ताण पडतो असं कोणीतरी त्याच्या डोक्यात भरवलं, तेव्हापासून तो गाडी मागे घेत नाही. रस्ता चुकला तर पुढच्या गावाला वळसा घालून येतो, पण मागे घेत नाही. माझ्या अंगणात आला की बाहेर पडता येईना, म्हणून शेवटी मी मागच्या कुंपणाला त्याच्यासाठी दुसरं फाटक पाडलं. लोक विचारतात हे फाटक कशाला. मी सांगतो, इवाई जायला.

तर त्या शेवटच्या बाजाराच्या दिवशी माझी बायको मागून म्हणाली, "इवाईबुवा, भज्याचं तेल मी दुसऱ्या खेपी वापरत नाही. तुमी इतके साल एकच तेल वापरून राह्यले. बदला ना आता."

"ईनबाई, कढईत गिअर नसते."

"अन् तुमच्या गिअरात भजे नसतात. तेल ते तेलच."

"अन् बसली म्हंजे? मंग माह्या पायाचं काय?"

"नाही बदललं तरी बसनच ना कधीतरी. भिऊन भिऊन बसण्यापेक्षा बदलून बसू द्या."

मी म्हणालो, दोघंही गप बसा, समोर ट्रक आहे. माझं कोणी ऐकलं नाही.

ती गेल्यावर तेरवी झाली, पाहुणे गेले, पोर सासरी गेली. आमच्याकडे इवाई घरी येणं सोपं काम नाही. पाय धुवायला पाणी, चहा, पुरणाची पोळी, जाताना टोपी-दुपट्टा. शहाणा इवाई कारणाबिगर दारात येत नाही. मला वाटलं, संपलं आता ह्याचंही येणं. तर पुढच्या इतवारी मोठ्या फाटकातून गाडी आत. मी म्हणालो, "या, घरात या."

"बसाले नाही आलो. तेल पाहाले आलो." इंजिन तसंच चालू ठेवून त्याने बोनट उघडलं. "काय म्हनता, बदलाव का?"

तिथून दर इतवारी हेच. घराच्या आत पाऊल टाकणार नाही. दांडी काढणार, स्वतःच पाहणार, कोणाच्या हातात देणार नाही, अन् तोंड पाडून दुपट्ट्यावरचा जुना डाग मला दाखवणार. मग बदलावं की नाही ह्याच्यावर दुपारपर्यंत वाद. गाडीत भाकर-ठेचा अन् वांग्याची भाजी असायची, दोन माणसांची. "रस्त्यात पाय बसला तं उपाशी मरू का?" म्हणायचा. पाय काही बसायचा नाही, मग ते आम्हालाच खावं लागायचं. मी त्याला येडा समजत होतो.

पण आत मला धाक होता. गाडी बसली की इवाई बसणार, अन् इवाई बसला की माझा इतवार बसणार. बाकीचे सहा दिवस मी कसे काढतो ते माझं मला माहीत. अलीकडे तो म्हणायला लागला की गाडी लई झटके देते. मला खड्ड्याचा झटका कोणता अन् गिअरचा कोणता हे कधी समजलं नाही, पण मी घाबरलो. गेल्या शनिवारी एस्टीने मालेगावला गेलो. तो ज्या मेकॅनिककडे जातो त्यालाच गाठलं अन् विचारलं, "खरं सांग, आसेगाववाल्या इवायाच्या गाडीचं तेल बदललं तं गाडी बसन का?"

तो म्हणाला, "बाबा, ते तं म्या कवाच बदललं. तुमच्या घरच्या काकू गेल्या त्याच महिन्यात. लय भेत भेत आले. म्हने, आमच्या ईनबाई म्हनत होत्या बदला, म्हून बदलतो."

"मंग झटके?"

"कायचे झटके? लोण्यावानी चालते."

"मंग मले काहून नाही सांगतलं त्यानं?"

मेकॅनिक हात पुसत राहिला. मग म्हणाला, "मलेही म्हनले, कोनाले सांगू नोको. म्या म्हनलं, काहून? तं म्हने, तिथं आता चा करनारं कोनी नाही. पाहुना म्हून गेलं तं इवायाले तरास होते. तेलासाठी जाता येते."

मेडशी येईपर्यंत मी बसमध्ये त्याला मनातल्या मनात शिव्या देत होतो. माझ्याकडे होत्या नव्हत्या तेवढ्या दिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून मी अंगण झाडलं, पाणी मारलं. गाडी उभी राहते तिथे सावलीला बाज टाकली. तो आला, बोनट उघडलं, दांडी बाहेर ओढली. त्याने पाहायच्या आत मी ती त्याच्या हातातून घेतली अन् उन्हात धरली. तेल लालभडक होतं, कुंकवासारखं. इवाई माझ्या तोंडाकडे पाहत उभा राहिला.

"काय म्हनता मंग," तो हळूच म्हणाला, "बदलाव का?"

"काळं पडलं," मी म्हणालो. "पण घाई कायची? पुढच्या इतवारी पाहू."