गोळे फोडायची वेळ

माया माणसाला आंधळे करते, असे आपण म्हणतो. धाकटीला तिने आंधळे केले नाही. उलट तिची नजर एका काचेच्या भांड्यावर अशी खिळवली, की त्यापलीकडचे काही पाहावेसेच तिला वाटेना.

धाकटी एका मोठ्या रुग्णालयाच्या पेशी-प्रयोगशाळेत काम करी. रुग्णाच्या हाडातला मगज घ्यायचा, त्यातल्या मूळपेशी निवडायच्या, वाढवायच्या, आणि झिजलेल्या सांध्यात नवी कूर्चा, हाडांमधली ती मऊ गादी, धरावी म्हणून ज्याच्या त्याला परत द्यायच्या, हे तिथले काम. पूर्वी या पेशी बशीच्या तळाशी पातळ थरात वाढवीत. आता त्या गुलाबी पोषकद्रवात तरंगत्या ठेवतात. मंद फिरणाऱ्या भांड्यात त्या एकमेकींना बिलगतात, त्यांचे इवले गोळे होतात, आणि देहात वाढाव्यात तशा चहूबाजूंनी वाढतात. पाहणाऱ्याचे हात आपोआप जुळावेत, अशी ती लीला! पण तिचा नियम मात्र निर्दय. गोळा खसखशीच्या दाण्याएवढा होण्याआधीच फोडायचा, पेशी सुट्या करायच्या, नव्या भांड्यात सोडायच्या. न फोडला, तर बाहेरच्या पेशी खाऊनपिऊन टवटवीत राहतात; आतल्यांपर्यंत घास पोहोचतच नाही, आणि गोळ्याचे काळीज उपाशी मरते.

धाकटीला हे पाठ होते. नवख्यांना तीच शिकवी.

मग ताईची पाळी आली. आईमागे धाकटीला वाढवणारी ही थोरली बहीण. इस्त्रीच्या दुकानात तिने उभ्याने जन्म काढला आणि गुडघे गमावले. हाडावर हाड घासे, खुर्चीतून उठताना डोळ्यांत पाणी तरळे. नव्या उपचाराच्या चाचणीसाठी ताईची निवड झाली, तशी धाकटी प्रयोगशाळेच्या मोठ्या मॅडमपुढे जाऊन उभी राहिली.

"नात्यातल्यांच्या पेशींना आपण हात लावत नाही. माहीत आहे ना?"

"आहे, मॅडम. पण माझ्याइतका जीव लावून कोण करील?"

"त्याचीच तर भीती वाटते," मॅडम म्हणाल्या; आणि शेवटी विरघळल्या.

पहिल्यांदा गोळे फोडले, तेव्हा फोडण्याच्या धक्क्याने पुष्कळ पेशी मेल्या. तसे थोडेफार नेहमीच होते. एरवी धाकटीने खांदे उडवले असते. पण या ताईच्या होत्या. ज्या हातांनी आपल्याला घास भरवला, त्यांचाच अंश आपण मारला, असे तिला वाटले. दुसऱ्यांदा फोडायची वेळ आली आणि तिचा हात उचलेना.

"काय गं, आज फोडायचे होते ना?" शेजारच्या टेबलावरच्या सहकारिणीने विचारले.

"उद्या."

"कालही उद्याच होता!"

"बघ तरी, कसे गरगरीत झालेत!"

"मग मांडीवर घे नि अंगाई म्हण!"

दोघी हसल्या. घरी ताई विचारी, "काय म्हणतात माझ्या पोरी?"

"बाळसं धरलंय, ताई."

"धरणारच! माझ्या अंगाला कधी लागलं नाही, ते तुझ्या बाटलीत लागलं म्हणायचं."

भक्ती आणि आसक्ती या सख्ख्या बहिणींसारख्या दिसतात. पण एक सोडायला शिकवते, दुसरी मूठ उघडू देत नाही. गोळे वाढत गेले, मोहरीएवढे झाले, मोत्यांसारखे दिसू लागले. शेवटच्या तपासणीत मॅडमनी एक गोळा कापून सूक्ष्मदर्शकाखाली धरला. दुसरा धरला. तिसरा. सगळे आतून मेलेले.

"घरी खरं सांग," मॅडम म्हणाल्या. "पेशी चांगल्या होत्या, चूक आपली झाली. पुन्हा मगज घेता येईल का, ते मी चाचणीच्या समितीला विचारते."

धाकटी वाटभर शब्द जुळवत आली. पण दारातच ताईने तिचा चेहरा वाचला.

"गेल्या?"

"हो."

पदराचे टोक बोटाला गुंडाळत ताई म्हणाली, "माझ्याच हाडांत दम नसेल, चिमणे. म्हातारं बियाणं ते! वयाचं असतं ना असं?"

आता सत्य ओठांवर यायला हवे होते. धाकटीने होकारार्थी मान हलवली.

"तुझी एवढी मेहनत मी वाया घालवली गं," ताई म्हणाली.

काही दिवसांनी धाकटी कामावरून परतली, तेव्हा ताई मटार सोलत बसली होती. "तुझ्या रुग्णालयातून फोन आला होता. पुन्हा मगज देता का, विचारत होते."

धाकटीने विचारले, "मग?"

"नको म्हटलं. पेशींत दमच नाही, तर दुसऱ्याची जागा कशाला अडवायची? तिथली बाई समजूत घालत होती. मी म्हटलं, माझी धाकटी त्याच कामात आहे, तिच्याहून जास्त कुणाला कळणार? मग तिनं लगेच दुसऱ्याचं नाव लावलं."

धाकटी खाली बसली आणि हमसून हमसून रडू लागली. ताई धडपडत उठली, भिंतीला धरत तिच्यापाशी आली, दुखरा गुडघा कसाबसा वाकवून शेजारी टेकली. "वेडी कुठली! तुझ्याकडून काही कमी पडलं का? देव बघतोय."

धाकटीने पुन्हा मान हलवली; या वेळी नकारार्थी.