मुळात फाटलंच नव्हतं

रोज सकाळची प्रार्थना झाली की मी वहीत चार ओळी लिहिते. वर देवाचं नाव, खाली कालचा दिवस. बहुतेक वेळा त्यात काही नसतं. नळ गळतोय, यांचा खोकला वाढलाय, बारकीचा फोन आला. वन्संबद्दल मात्र गेल्या आठ महिन्यांत इतकं साचलंय, की ते एकदा सलग लिहून काढल्याशिवाय प्रार्थनेत मन लागेना.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याच्या थोरल्या बहीण. वय सदुसष्ट. चौतीस वर्षं त्यांनी रफूचं काम केलं, ड्रायक्लीनिंगच्या एका दुकानाच्या मागच्या खोलीत. पुढे काउंटर, वाफेची इस्त्री, हँगरच्या रांगा. मागे एक खिडकी, एक स्टूल आणि वन्सं. कोटाला कसर लागली, शालीला ठिणगीने भोक पडलं, की ते कापड मागे यायचं. वन्सं त्याच कापडाच्या आतल्या दुमडीतून धागे उपसायच्या आणि एकेक धागा सुईने उभा-आडवा विणत भोक भरून काढायच्या. ठिगळ नाही, शिवण नाही. चांगलं रफू म्हणजे कुठे केलंय ते करणाऱ्यालाही सापडू नये. गिऱ्हाईक कोट उजेडात धरून शोध शोध शोधायचं आणि म्हणायचं, ‘मालक, मानलं तुम्हाला!’ मालक मान डोलवायचे. वन्सं मागे बसून ऐकायच्या.

हे मी त्यांची बाजू घ्यायला लिहीत नाही. मीही एकतीस वर्षं या घरात भांडी घासतेय, माझा कुठे सत्कार झालाय? म्हणून मी कुणाच्या दारावर चिखल फेकायला गेले नाही.

त्यांचं लग्न झालं नाही. कुणी विचारलं तर हसून म्हणायच्या, ‘आले ते सगळेच फाटके होते गं, तेवढा धागा कुठून आणू?’ पुढे लोक फाटलेलं फेकून नवीन घ्यायला लागले, दुकान बंद झालं, डोळेही थकले. मग त्या आमच्याकडे राहायला आल्या. स्वभावाने वाईट? छे. मला टायफॉइड झाला तेव्हा माझं न्हाणं-धुणं त्यांनी केलं. शेजारचं पोर पडलं तर आधी त्याच धावतात.

आमची लेक, बारकी, नऊ वर्षांची असल्यापासून त्यांच्या गुडघ्याशी बसून रफू शिकली. तिची एक खोड होती. धागा ओढताना ती श्वास धरायची. वन्सं कानाशी पुटपुटायच्या, ‘श्वास सोड. श्वास धरलास की सातव्या टाक्याला हात हलतो.’ बारकी फुग्यासारखी फुस्स करून हसायची.

आता बारकी सव्वीस वर्षांची आहे. दुसऱ्या शहरात एका खोलीत राहते. खिडकीशी टेबल, त्यावर दिवा आणि स्टँडवर लावलेलं भिंग. दोन वर्षांपूर्वी तिने रफूचे व्हिडिओ टाकायला सुरुवात केली. फक्त हात दिसतात. आधी भोक, मग सुई, शेवटी तेच कापड आणि त्यावरून फिरणारं बोट. लोक वेडे झाले. कामं यायला लागली. मग भाड्याने समारंभाचे कपडे देणाऱ्या एका मोठ्या दुकानाने विचारलं, आमची सगळी दुरुस्ती वर्षभर घ्याल का? बारकी फोनवर ओरडलीच. ‘आई, हे झालं ना, की मी कायमची रफूवाली! नाही झालं तर बसेन कुठेतरी फोन उचलत.’

वन्संनी तिचा व्हिडिओ साऱ्या गल्लीला दाखवला होता. पण तिला बजावलं होतं, ‘माझं नाव कुठे घेऊ नकोस हं. मला नको ते.’ म्हणून एकदा कुणीतरी विचारलं, कुणाकडे शिकलात, तेव्हा बारकीने लिहिलं, ‘घरीच बघून बघून.’

त्यानंतर महिन्याभरातच तो ‘स्पष्टवक्ता’ उगवला. ना चेहरा, ना पत्ता. आधी लिहायचा, ‘काम बरं, घाई दिसते.’ मग, ‘नखं रंगवायला वेळ आहे, सुताचा पीळ बघायला नाही.’ आणि मग एका दिवशी, ‘लोकहो, खुळे आहात का? मुळात फाटलंच नव्हतं. आधीचं कापड वेगळं, नंतरचं वेगळं.’

हे वाक्य वणव्यासारखं पसरलं. कारण त्याला उत्तरच नव्हतं. रफू वाईट असतं तर दाखवता आलं असतं, हे बघा, इथे केलंय. ते चांगलं होतं, म्हणून पुरावाच नव्हता. लबाड, ठग, चोरटी. माणसं नुसती तुटून पडली. बारकीने चाळीस मिनिटांचा अखंड व्हिडिओ टाकला. तो शेवटपर्यंत कुणी बघितला नाही, पण त्याच्याखाली दीडशे जणांनी लिहिलं की यातही काहीतरी भानगड आहे.

बारकी रोज फोन करायची. माझ्याशी दोन मिनिटं, वन्संशी अर्धा तास. ‘आत्या, माझे हात बघून लोकांना इतका राग का येतो गं?’ वन्सं समजूत घालायच्या, ‘अगं, भुंकणारी भुंकतात, तू जेवलीस का?’ मी संध्याकाळच्या प्रार्थनेत मोठ्याने म्हणायचे, ‘देवा, त्या अनोळखी माणसाला सद्बुद्धी दे.’ शेजारी बसलेल्या वन्सं डोळे मिटून म्हणायच्या, ‘तसंच होवो.’

मग दुकानवाल्यांनी कळवलं की बाई, आमचा तुमच्यावर संशय नाही, पण गिऱ्हाईक विचारतं. महिनाअखेरपर्यंत निवळलं तर बघू.

त्याच आठवड्यातली दुपार. मी बटाटे सोलायला बसले होते आणि मधूनमधून फोन बघत होते, आज काय नवीन विष आलंय ते. स्पष्टवक्त्याने लिहिलं होतं, ‘खोटारडी ती खोटारडीच. वर श्वास धरते. श्वास धरला की सातव्या टाक्याला हात हलतो, एवढंही कुणी शिकवलं नाही वाटतं.’

माझ्या हातातली सुरी तशीच राहिली. शिव्या कुणीही देतं, त्याला अक्कल लागत नाही. पण बारकीची चूक इतकी नेमकी जगात एकाच माणसाला ठाऊक होती. आणि ते माणूस समोरच्या खुर्चीत चष्मा कपाळावर चढवून फोनमध्ये बघत होतं. त्या माऊलीला चिखलफेक करतानासुद्धा शिकवल्याशिवाय राहवलं नाही.

मी म्हटलं, ‘वन्सं, सातवा टाका.’

‘काय गं?’

मी फोन पुढे केला. त्यांनी वाचलं. वाटलं, नाकारतील, रडतील, निदान दचकतील तरी. त्या म्हणाल्या, ‘खरं तेच लिहिलंय की. धरते ना ती श्वास?’

‘आणि फाटलंच नव्हतं, हे? तेही खरं?’

त्या चष्मा पुसायला लागल्या. ‘ते आपलं रागात लिहिलं. मला काय माहीत लोक एवढं मनावर घेतील? लोकांना तरी काही अक्कल नको?’

‘वन्सं, लोकांचं सोडा. तुम्ही तिची आत्या!’

‘आत्या?’ त्यांचा आवाज पहिल्यांदाच चढला. आत पलंगावर हे खोकले, कुशीवर वळले. वन्सं आवाज खाली आणून म्हणाल्या, ‘घरीच बघून बघून, असं लिहिलं तिने. बघून बघून! मांजर बघतं तसं? सतरा वर्षं माझे डोळे गेले तिच्यापायी.’

‘तुम्हीच म्हणालात, नाव घेऊ नकोस.’

‘नाव घेऊ नकोस म्हटलं म्हणजे घ्यायचं नाही, असं असतं का? जेवायला नको म्हणणाऱ्या पाहुण्याला उपाशी पाठवतेस का तू?’

मग त्यांनीच हळूहळू सांगितलं. आधी एकदा स्वतःच्या नावाने लिहिलं होतं, कुण्या दुसऱ्याच बाईच्या व्हिडिओखाली, रेशमाला सुई कोणती घ्यावी त्याबद्दल, दहा ओळी. दोन दिवस बघत राहिल्या. कुत्रंही फिरकलं नाही. मग गंमत म्हणून दुसरं नाव घेऊन एक वाकडं लिहिलं. ‘संध्याकाळपर्यंत शंभर जणांनी बरोबर आहे म्हटलं. शंभर गं! चौतीस वर्षांत शंभर माणसं माझ्याशी बोलली नसतील.’

‘पण आपली बारकी, वन्सं. ती तुमच्यापाशीच रडते हो.’

‘ती रडते तेव्हा मलाही रडू येतं, देवाशप्पथ. पण लिहिताना बारकी नसते तिथे. नुसते हात असतात.’

हे वाक्य मी त्या दिवशी वहीत लिहिलं आणि खूप वेळ बघत बसले. मी त्या माणसाची कल्पना कशी केली होती! कुणी दारुडा, कुणी नासका, वाया गेलेला. तसा कुणी असता तर किती बरं झालं असतं.

मी त्यांना सोडलं नाही. म्हटलं, महिना संपायला नऊ दिवस आहेत, निस्तरा. त्या लगेच तयार झाल्या, हेही सांगायला हवं. स्वतःच्या नावाने, स्वतःच्या फोटोसकट त्यांनी लिहिलं, की मी या मुलीची आत्या, मी तिची गुरू, चौतीस वर्षं रफू केलंय, तिचं काम शंभर टक्के खरं आहे. लिहून झाल्यावर मला वाचून दाखवलं. आयुष्यात पहिल्यांदा आपलं काम आपल्या नावाने सांगत होत्या.

तासाभरात उत्तरं आली. ‘घरचीच साक्ष!’ ‘म्हातारे, आधी चष्मा बदल.’ ‘आत्याबाईंना बोलायला लावलंय.’ एकाने त्यांच्या फोटोतल्या पांढऱ्या केसांवरून असं काही लिहिलं की ते मी वहीतही उतरवणार नाही. वन्सं एकेक वाचत गेल्या. जेवल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, ‘थांब, त्यालाच लिहायला लावते.’ म्हणजे स्पष्टवक्त्याला. आणि स्पष्टवक्त्याने लिहिलं, ‘मी चुकलो. फाटलेलं होतं. मुलगी खरी आहे.’ मला वाटलं, सुटलो. ज्याने आग लावली तोच विझवतोय, आणखी काय हवं?

लोक त्याच्यावरच उलटले. ‘कितीला विकला गेलास?’ ‘घाबरवलं वाटतं तुला.’ ‘आता तर खात्रीच पटली.’ त्याचं खोटं त्यांनी विचार न करता उचललं होतं. त्याचं खरं मात्र कुणालाच नको होतं. फाटलंच नव्हतं हे वाक्य आता हजारोंचं झालं होतं, ते लिहिणारीलाही परत घेता येईना. वन्सं फोन मांडीवर ठेवून बसल्या. ‘माझं कुणी ऐकतच नाही गं,’ म्हणाल्या.

मी रोज प्रार्थना केली. खोटं कशाला लिहू, त्या नऊ दिवसांत मला देवाकडून एकही उत्तर आलं नाही. बारकीला सांगावं असं दहादा मनात आलं. पण सांगून काय झालं असतं? दुकानवाल्यांचं मन वळलं नसतं, आणि रडायला होती ती एकुलती जागाही गेली असती. म्हणून मी गप्प राहिले. माझं गप्प राहणं आणि वन्संचं लिहिणं यांत देव किती फरक करील, मला सांगता येत नाही.

महिनाअखेरीला दुकानवाल्यांचं नाही आलं. बारकीने व्हिडिओ बंद केले. भिंग आणि दिवा एका मैत्रिणीला देऊन टाकला. तिला एका विमा कंपनीत नोकरी लागली. दिवसभर कानाला यंत्र लावून लोकांच्या तक्रारी ऐकायच्या.

परवा रविवारी दुपारी तिचा फोन आला. आवाज सपाट, उकळून गार केलेल्या पाण्यासारखा. म्हटलं, ‘घरी सुई तरी धरतेस का गं कधी?’

‘नाही आई. सुई हातात घेतली की वाटतं, कुणीतरी बघतंय.’ मग म्हणाली, ‘आत्याला दे ना. एवढ्या जगात ती एकटी माझ्यासाठी उभी राहिली. तिच्या वयात तिने माझ्यापायी किती ऐकून घेतलं.’

मी फोन वन्संना दिला. त्या वीस मिनिटं बोलल्या. जेवण, झोप, खोलीतला पंखा. ‘लोकांची तोंडं कोण धरणार बाळा,’ म्हणाल्या. बोलताना डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, आणि ते खोटं नव्हतं. मी समोर बसून बघत होते.

फोन ठेवून त्यांनी पदराने तोंड पुसलं. मला वाटलं, आता तरी विचारतील की पोर पुन्हा सुई धरील का. त्या माझ्याजवळ सरकल्या, आतल्या खोलीकडे एकदा बघितलं आणि हळूच म्हणाल्या, ‘तिला कळलं तर नसेल ना गं?’

‘नाही,’ मी म्हटलं.

‘बरं झालं,’ म्हणाल्या, आणि निवांत झाल्या.