पॅक, सील आणि हिराबायची कोंबडी

घर सोडलं त्या सकाळी अंगणात कोण कोण होतं ते आधी सांगते. मी सुमन. माझा मुलगा संजय, सून रूपाली, नात परी. माझी मोठी जाऊ हिराबाय. टेम्पोवाला आणि त्याची दोन माणसं. आणि हिराबायची कोंबडी, नऊ अंड्यांवर खुडूक बसलेली. आमचे हे असते तर टेम्पोत पुढं बसून ड्रायव्हरला रस्ता शिकवत राहिले असते. पण ते जाऊन खूप वर्षं झाली.

बदलापूरच्या पुढं आमचं घर. दोन्ही जावांचं एकच, मधे नुसती भिंत. तिथून मोठा रस्ता जाणार म्हणून घर पाडायचं ठरलं. हिराबाय मुलाबरोबर अंबरनाथला फ्लॅटात, आम्ही बदलापूरला फ्लॅटात. रडारड झाली नाय. रडत बसलो असतो तर भांडी कोणी बांधली असती?

अडचण कोंबडीची होती. कोंबडी हिराबायची, अंडी माझी. आमच्याकडं असं अर्धेलीनं बसवतात. पिल्लं निघाली की निम्मी तिची, निम्मी माझी. पिल्लं निघायला एकवीस दिवस लागतात आणि त्या दिवशी अठरावा होता. हिराबायच्या सुनेनं सांगितलं, नव्या घरात कोंबडी नको. तेव्हा हिराबाय मला बोलली, "सुमे, ने तू. पण ती उठली तर अंडी गार. आणि मेली म्हणून मला फोनवर सांगू नकोस, मी मानणार नाय."

जमिनीच्या वाटणीवरून आमच्या दोन घरांची तोंडं आधीच वाकडी झाली होती. मुलं मुलांशी बोलत नव्हती. आम्हा दोघींचं बोलणं राहिलं होतं ते या नऊ अंड्यांवर.

रूपाली सकाळपासून इंग्लिशमध्ये सामान भरत होती. "आई, काचेचं रॅप करा. गाद्यांना कव्हर घाला. कपाट लॉक करा." परीला शाळेत पण तेव्हा असलेच शब्द होते, कुठं काय ठेवलं की काय बोलायचं. ती मला विचारायची, "आजी, गाडी ठेवली तर पार्क. धान्य ठेवलं तर स्टोअर. माणसं ठेवली तर?"

मी बोलले, "माणसं ॲडजस्ट."

आमच्याकडं या सगळ्याला एकच शब्द, झाक. भात झाक, कोंबडी झाक, डोकं झाक, पोरानं काय दिवे लावले ते पण झाक. त्या एका शब्दावर माझा संसार झाला.

तसं मला इंग्लिश अगदीच येत नाय असं नाय. उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये जीन्सच्या कारखान्यात वीस वर्षं काढली. धागे कापायचे, मग फोल्ड, पॅक, सील. शेठ सिंधी, टेलर यूपीचे, मी आगरी. तिघांना समजेल अशी तेवढीच भाषा. दिवसभर उभं राहून पाय सुजायचे, संध्याकाळी चपलेत मावायचे नाय. मग चपला हातात धरून शेअर रिक्षात बसायचे. रिक्षावाला बोलायचा, "मावशी, चप्पल का अलग भाडा लगेगा." शेठचा नियम एकच. शंभर खोकी असली तरी सगळी एकसारखी दिसली पाहिजेत. चिकटपट्टी वाकडी लागली तर खोकं परत उघडायला लावायचा. पहिलं वर्ष रडत उघडलं. नंतर हातच शिकले, मला विचारायचे पण नाय.

तर त्या सकाळी मी कोंबडीला टोपलीसकट खोक्यात ठेवलं. खाली भाताचा तूस, अंड्यांत एक कोळसा, आभाळ गडगडलं तर अंडी नासू नयेत म्हणून. बाजूला हवेला भोकं पाडली. खोकं उघडंच मांडीवर घेऊन पुढं बसणार होते. तेवढ्यात संजयनं हाक मारली, "आई, घराला हात जोडून घे." मी उठले, पण उठता उठता हातांनी आपलं काम करून टाकलं. फोल्ड, सील. चारी पट्ट्या सुतात.

हात जोडून आले तर खोकं जागेवर नाय. टेम्पो भरून दोरी बांधून तयार. मी ओरडले, "थांबा, त्यात कोंबडी हाय!" टेम्पोवाला बोलला, "मावशी, अब तो बदलापूर में ही खुलेगा."

चौथ्या मजल्यावर हॉलमध्ये सव्वीस खोकी उतरली. कॅम्प तीनवरनं मीच आणवलेली, एका मापाची, एका हातानं बांधलेली. शेठनं बघितलं असतं तर पहिल्यांदा खूष झाला असता. भोकांची बाजू कुठं दुसऱ्या खोक्याला चिकटून बसली होती काय माहीत. आत हवा किती उरली असेल तेच डोक्यात. खुडूक कोंबडी हाकेला ओ देत नाय. मी वाकून एकेका खोक्याला कान लावायला लागले.

"आई, काय शोधताय?" रूपाली बोलली.

"हिराबायला."

तेवढ्यात सोसायटीचे सेक्रेटरी नियमांचा कागद घेऊन दारात. पहिलाच नियम वाचला, फ्लॅटमध्ये कोंबड्या-बकऱ्या चालणार नाहीत. आणि खालच्या एका खोक्यातून आवाज आला, क्रॉऽक.

तीन दिवस कोंबडीच्या नावानं माझ्याशी भांडणारी माझी सून बोलली, "मिक्सर आहे."

"बंद खोक्यात?"

"जुना आहे. मनात येईल तेव्हा चालू होतो."

सेक्रेटरींनी माझ्याकडं बघितलं. मी डोक्यावर पदर घेतला. म्हातारीनं पदर घेतला की माणूस पुढं विचारत नाय. ते गेले आणि रूपालीनं सुरीनं पट्टी कापली. कोंबडी बसलेलीच होती. माझ्याकडं असं बघितलं, जशी मी तिची सासू. रूपालीनं तिला उचलून आतल्या बाथरूममध्ये ठेवलं आणि बोलली, "हे लॉक. तीन दिवस सगळ्यांनी ॲडजस्ट करा."

सात पिल्लं निघाली. मी हिराबायला फोन केला. दुसऱ्या दिवशी ती अंबरनाथवरनं आली. बेल वाजली. मी गुडघा धरून उठले, भिंत धरून दारापर्यंत गेले. उघडलं तर ती पाठ करून लिफ्टजवळ.

"दार लावून बसलीस," ती बोलली. "मला वाटलं रात्रीत सगळी मेली, म्हणून तोंड दाखवत नायस."

"गुडघा गो बाय."

"मग आतून हाक मारायची."

"या दारातून हाक जात नाय."

मग दोघी हसलो. बाथरूमच्या उंबऱ्यात बसून चहा प्यालो. तीन तिची, तीन माझी. सातव्यावर ती बोलली, "कोंबडा झाला तर दोघींनी मिळून खायचा. कोणाच्या घरी ते मागनं भांडू."

कोंबडी आणि पिल्लं आता गावाकडं हिराबायच्या भावाच्या खुराड्यात हायेत. मागच्या आठवड्यात तिचा फोन आला, "सुमे, तुझी दोन घारीनं नेली."

"माझीच कशी?"

"घारीला विचार."

लोक विचारतात, फ्लॅटात करमतं का. पाणी येतं, लिफ्ट चालते, पावसात गळत नाय. पण मला घर ते वाटतं, जिथं कोणी वाट्यावरून भांडायला येतं. अंबरनाथवरनं हिराबाय येते तेवढा वेळ हे माझं घर असतं.

हे मी परीकडून लिहून घेतलंय. जे वाचतील त्यांना एवढंच सांगणं हाय. तुमची जाऊ, नणंद, शेजारीण कुठं लांब फ्लॅटात राहायला गेली असेल तर एकदा जाऊन या. आणि बेल वाजवली की थोडं थांबा. आम्हाला उठायला वेळ लागतो.