गैरहजर माणसाचा डबा

बायको गेल्यावर दोनेक महिन्यांनी आमच्या चर्चचे पाळकसाहेब जुळे सोलापुरातल्या फ्लॅटवर आले. चहा संपेपर्यंत इकडचं तिकडचं बोलले. मग म्हणाले, "सर, बुधवारची प्रार्थनासभा आता चर्चच्या हॉलमध्ये घेऊ या. घरात बाईमाणूस नाही. तुमच्यावर भार नको."

"एक बुधवार इथं होऊ द्या," मी म्हणालो. "मग ठरवू."

"ठीक. मी मात्र येत नाही. माझ्यासमोर लोक मोकळं बोलणार नाहीत."

ती सभा बायकोनं सुरू केली होती. सभाही गेली असती तर या घरात बायकोचं असं कपाटातल्या साड्यांपलीकडे काही उरलं नसतं. हे मी त्यांना सांगितलं नाही.

मी शाळेत इतिहास शिकवायचो. निवृत्त झाल्यावर पहिल्या ख्रिस्ती मंडळ्यांविषयी वाचायचा नाद लागला. रोमी अंमलातली ती शहरं. चर्चची इमारत नाही, कुणाच्या तरी घरी जमायचं. एक घर जांभळं कापड विकणाऱ्या बाईचं. एक प्रेषित तंबू तयार करून पोट भरायचा. चादरी-टॉवेलांच्या आमच्या गावात ही माणसं परकी वाटत नाहीत. पण उपदेश लिहून ठेवलेले सापडतात, सतरंजी कुणी झटकली ते सापडत नाही. जेवण वाटताना काही विधवांना डावललं म्हणून कुरकुर झाली आणि त्या कामासाठी सात माणसं नेमावी लागली, एवढं कळतं. पुढच्या काळातल्या एका लिखाणात असंही आहे, की भाकर वाटून झाली की जे आले नाहीत त्यांचा वाटा मंडळीचे सेवक घरी नेऊन देत.

हे वाचताना तिचा स्टीलचा डबा आठवला. ताटं वाढण्याआधी ती तो भरून बाजूला ठेवायची आणि सभा उठली की स्कूटीवर घेऊन जायची. कुणाला, असं विचारलं तर म्हणायची, "तुम्ही ताटं विसळा." आता विचारणार कुणाला?

बुधवारी मी पिठलं-भात केला. सात-आठ जण आले. गीत, वाचन, प्रार्थना झाली. मी भाताचं झाकण उचललं, तर टॉवेलच्या कारखान्यात जन्म काढलेल्या मावशी म्हणाल्या, "सर, थांबा की. आधी डबा."

त्यांच्या घरी तेलुगू बोलतात; मराठी आमच्या गावचं.

"मावशी, तो जायचा तरी कुणाकडे?"

"अगोबाई, तुमालाच ठावं न्हाय? जो आला न्हाय त्याच्याकडं. माजा गुडगा सुजला तवा मला यायचा. बाई दारातनंच म्हनायच्या, जेवताना तुमची जागा ठेवली होती. ह्ये साहेब रुसून बसले तवा ह्यांच्याकडं."

शेजारी बसलेले बँकेतले गृहस्थ अवघडले. "रुसवा नव्हता तो, मावशी. तत्त्वाचा प्रश्न होता."

"डबा चाटूनपुसून परत आला की तत्त्वाचा!"

सगळे हसले. बऱ्याच दिवसांनी त्या खोलीत कुणी हसलं.

मी जे पुस्तकात शोधत होतो ते दर बुधवारी माझ्या पाठीमागून जिना उतरत होतं आणि मी नळाखाली ताट धरून उभा असायचो. बायकोनं ते कुठं वाचलं नसावं. मोडनिंबला माहेरी पाहिलं असेल, की आपसूक सुचलं? इतक्या शतकांत ते हातोहात इथवर आलं, की दर वेळी कुणाला तरी नव्यानं सुचत गेलं? मला अजून उलगडलेलं नाही.

"मग आज कोण नाही?" मी विचारलं.

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. बँकेतले गृहस्थ म्हणाले, "पाळकसाहेब."

"भरा की मग," मावशी म्हणाल्या. "पिठलं लई पातळ झालंय. झाकन घट्ट लावा."

मला स्कूटी येत नाही. रिक्षा केली. मांडीवर डबा गरम लागत होता.

पाळकसाहेबांनी दार उघडलं. डब्याकडे पाहिलं. तो त्यांच्याही ओळखीचा असावा.

"सभेचं काय ठरलं, सर?"

"ते बोलायचं राहूनच गेलं," मी म्हणालो. "जेवताना तुमची जागा ठेवली होती."

त्यांनी डबा दोन्ही हातांनी घेतला.

"बुधवारी आणून देतो."

"हॉलवर?"

"हॉलवर कशाला? डबा घरचा आहे." आणि दार लोटता लोटता म्हणाले, "रिकामा नाही आणणार."