दोन रंगांचं लुगडं

साल १९९३. मी तेव्हा एकोणपन्नास वर्षांचा. शाळा दुसरीपर्यंतच झालेली, पण माणूस आणि माल पारखायला मला कुणाला विचारावं लागलं नाही.

त्या साली बाजार पार बसला होता. टोमॅटो बारामतीला नेला तर गाडीभाडं सुटेना, म्हणून आमच्या सणसरच्या रानातच गुरांना घातला. कापडाच्या दुकानात बाया लुगड्याला नुसता हात लावायच्या आणि परत ठेवायच्या. घरोघरी दांडाची लुगडी निघाली. नऊवारी लुगडं उठून-बसून मधेच विरतं, टोकं मात्र धड राहतात. तो मधला भाग काढून टाकायचा आणि दोन लुगड्यांची चांगली टोकं एकमेकांना शिवायची, हा दांड. रंगाला रंग मिळता घ्यायचा, शिवण काष्ट्यात लपवायची, आणि वाळत घालायचं ते घरामागं परड्यात. आमच्या घरी तर तसा माझा हुकूमच होता. रस्त्यानं जाणाऱ्यानं आपली अडचण का बघावी?

अशात निमगाव केतकीला बायकोच्या भावाच्या मुलीचं लग्न निघालं. बायको सख्खी आत्या, आणि नेसून जावं असं एक लुगडं घरात नव्हतं. दुसऱ्याचं मागून नेसलेलं मला खपत नाही. मी म्हणालो, राहू दे जायचं. तिनं पेटीतनं एक हिरवं आणि एक डाळिंबी काढलं, कात्री लावली आणि दुपारभर बसून जोडलं. खाली हिरवं, पदर डाळिंबी. लपवालपवी काहीच नाही.

"हे नेसून लग्नाला? पावणं हसतील."

"हसू द्या. भाचीच्या डोक्यावर अक्षदा टाकायला मी जाणार."

"मग माझ्याशेजारी बसू नगंस."

"न्हाय बसत. एसटीत बाकडी काय कमी हायत?"

आणि खरंच इंदापूरच्या गाडीत ती पुढं बसली, मी मागं.

मांडवात तिच्या भावजयीनंच आधी पदर धरला. "वन्सं, ह्यो कुठला परकार? बारामतीत नवा आलाय व्हय?"

आता ही होय म्हणणार, असं मला वाटलं. म्हणाली असती तरी माझी ना नव्हती.

"दांडाचं हाय," ती सगळ्यांदेखत म्हणाली. "दोन जुनी फाडली, एक नवं केलं."

 मग कोपऱ्यातली एक म्हातारी बोलली, "आगं बया! माझी जांभळं आन पिवळं पेटीत कुजत्यात, आन मी मेली रंग जुळायची वाट बघत बसलीया!"

मांडव हसला, पण बायकोला कुणी हसलं नाही. उलट तिला फिरवून फिरवून बघायला लागल्या. नवरी म्हणाली, "आत्या, फोटोला माझ्याजवळ हुबी ऱ्हा."

मेव्हणा माझ्याकडं आला. "दाजी, ताईचं लुगडं झ्याक दिसतंय. पसंती कुणाची?"

"दोन्ही मीच आणली हुती," मी म्हणालो. खोटं नव्हतं ते. हिरवं इंदापूरच्या बाजारातलं, डाळिंबी बारामतीचं. पक्का रंग बघून घेतली होती, म्हणून तर इतक्या वर्षांनी एकमेकांशेजारी उठून दिसत होती.

परतीच्या गाडीत मी तिच्या शेजारी जाऊन बसलो.

"मागं जागा न्हाय व्हय?"

"हाय. पर मागं आदळतंय."

तिनं खिडकीकडं तोंड केलं. हसत होती, हे मला मागच्या बाकावरनंही कळलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं लुगडं धुतलं आणि सवयीनं परड्याकडं निघाली. मी तिच्या हातातनं पिळा घेतला, पुढच्या दारी रस्त्याकडंला तार बांधली, आणि मधली शिवण येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असं ते सगळं उलगडून वाळत घातलं.