कडेचं पान

पंक्तिप्रपंच म्हणजे काय, हे मला कुणी शिकवायची गरज नाही. जतच्या कोरड्या रानातली मी. आमच्याकडं भाकरी एकच असली तरी चौघांना चार तुकडे सारखे व्हायचे. आणि रहिमतपूरच्या सासरी, नणंदेचं लग्न ठरलं त्या सुपारीच्या जेवणात, भर मांडवात माझ्यावर तोच आळ आला.

बहात्तरचा दुष्काळ सरला त्यानंतरची गोष्ट. मी बुंदीची बुट्टी घेऊन वाढत होते. मांडवाच्या मेढीशेजारी, अगदी कडेला, नणंदेचे होणारे सासरे बसले होते. त्यांचं पान सोडून मी पुढच्या ओळीला लागले. परत फिरून आले, तेव्हाही त्यांना सोडूनच गेले. ते उठलेच. "आमच्या पानाला वास येतोय व्हय?" एवढं बोलून त्यांनी चपला घातल्या.

वेशीपर्यंत पळत जाऊन लोकांनी त्यांना हातापाया पडून परत आणलं. पण सासूबाई, आत्याबाई म्हणायचे मी त्यांना, नंतर जे बोलल्या ते सगळं लिहवत नाही. मी मुद्दाम केलं, नणंदेचं बरं मला बघवत नाही, हिला कायमची माहेरी धाडा. मीही काही गरीब गाय नव्हते. पान मला दिसलंच नाही, असं तोंडावर सांगितलं. पण विश्वास कोण ठेवणार? सुईत दोरा पहिल्या खेपेला ओवणारी बाई मी, मला एवढं मोठं पान दिसू नये?

मालक फौजेत हवालदार होते. ते सुट्टीवर आले ते मला ठेवायचं की धाडायचं याचा निकाल द्यायलाच. मग त्यांना माझे खांदे दिसले. दाराच्या चौकटीवर आपटून दोन्ही काळेनिळे झाले होते. त्यांनी मला परड्यात समोर उभं केलं, माझ्या नाकाकडं बघ म्हणाले, आणि दोन्ही हात पसरून हातात काय आहे ते विचारलं. मला हातच दिसत नव्हते. त्यांनी हात हळूहळू जवळ आणत पार आपल्या छातीसमोर आणले, तेव्हा कुठं मला दोन कांदे दिसले. मला थट्टा वाटली. ते मात्र दुसऱ्याच दिवशी मला सांगलीला घेऊन निघाले.

सांगलीच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी मला काळ्या पडद्यासमोर बसवून पांढऱ्या मण्याची काडी फिरवली. डोकं दुखतं का, विचारलं. रोज सकाळी दुखायचं. मी ते पित्तावर ढकलायचे. मग त्यांनी पाळीचं विचारलं. ती कधीची बंद होती. डोळ्यांच्या डॉक्टरला त्याच्याशी काय करायचंय, असं मी फणकाऱ्यानं म्हणालेही. त्यांनी डोक्याचा एक्स-रे काढून समजावलं. मेंदूच्या तळाशी हरभऱ्याएवढी ग्रंथी असते, तिथं गाठ झाली होती. दोन्ही डोळ्यांच्या नसा जिथं एकमेकींना ओलांडतात, तिथंच ती खालून दाबत होती, म्हणून दोन्ही कडांचं दिसत नव्हतं. पाळीचा हुकूमही त्याच ग्रंथीचा. गाठ काढली नाही तर समोरचंही जाणार होतं.

मालकांनी घरी येऊन सांगितलं, "आई, ती पान सोडत न्हाई. तिला कडंचं दिसतच न्हाई." चुकलं म्हणायचा आत्याबाईंचा स्वभावच नव्हता. त्यांनी गाठोडं बांधलं आणि आमच्याबरोबर पुण्याच्या मिलिटरी दवाखान्यात आल्या.

तिथं मानेतल्या शिरेत औषध सोडून डोक्याचे फोटो काढले, ऑपरेशन ठरलं आणि डोकं भादरायची वेळ आली. भेटायला आलेल्या चुलतसासूबाई कळवळल्या. नवरा जिता असताना बाईच्या डोक्याला वस्तरा? आत्याबाईंनी त्यांच्याकडं बघितलंसुद्धा नाही.

"केस उगवत्यात," त्या म्हणाल्या. "डोळं उगवत न्हाईत."

काय सांगू, मला त्या बाईचा इतका अभिमान वाटला की वस्तऱ्याची भीतीच गेली.

कवटी उघडून गाठ काढली. पुढं गाठ परत येऊ नये म्हणून विजेचा शेक दिला, रोजची गोळी जन्माची लागली. ऑपरेशननंतर एकदा मी छताकडं बघत पडले होते, तर कडेला आत्याबाईंचं चौकड्याचं लुगडं हललं. मान न वळवता दिसलं मला! डाव्या डोळ्याची कड थोडी धुरकट राहिली ती राहिलीच.

नणंदेच्या लग्नात माझे केस बोटभर होते. बायकांचं म्हणणं, हिनं आतच बसावं. आत्याबाईंनी सगळ्यांदेखत बुंदीची बुट्टी माझ्या हातात दिली. व्याही नेमके मेढीशेजारी बसलेले. पहिली मूठ त्यांच्याच पानावर पडली. मी ताठ मानेनं ओळ वाढत गेले.

ओळीच्या दुसऱ्या टोकाला, अगदी कडेला, आत्याबाई पान मांडून बसल्या होत्या. नवरीची आई सगळ्यांच्या मागून जेवते. ही बाई पहिल्याच पंगतीला. मी वाढलं. त्यांना गोड अजिबात आवडायचं नाही. त्यांनी सगळी बुंदी खाल्ली आणि पान पुन्हा पुढं केलं.